झिपरूआप्पांची बिनकामाची बैठक

झिपरूआप्पांचा निरोप दहा-बारा सेकंदांचा असे. टाइप करण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. फोन हनुवटीखाली आडवा धरायचा, एकदा खाकरायचं आणि बोलायचं, "राम राम मंडळी. आज सांजले साडेपाचले, लोणखेडाना पुढे, म्हसावद रोडले, काटेसावरना झाडखाल. ज्याले येनं त्यानी या. काम काहीच नई."

झालं. पुढे ना आग्रह, ना हात जोडलेलं चित्र, ना गुलाबाचं फूल. शेवटचे तीन शब्द ते जरा सावकाश म्हणत, आणि लोक त्या तीन शब्दांसाठीच जात. शहाद्यासारख्या गावात संध्याकाळी साडेपाचला प्रत्येकाला काहीतरी काम असतंच; नसलं तर असल्यासारखं दाखवावं लागतं. अशात कुणीतरी आपल्याला बोलावतंय आणि तिथे करायचं काहीच नाही, हे ऐकलं की पाय आपोआप चपलेत शिरत.

व्हॉट्सअॅपवरच्या त्या ग्रुपचं नाव होतं 'घडीभर बठूत'. घटकाभर बसू या, असं त्याचं अहिराणी आमंत्रण. आप्पा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पस्तीस वर्षं त्यांनी या जिल्ह्यात गाडी चालवली. शहादा-तोरणमाळ, शहादा-नंदुरबार, अक्कलकुवा, खापर, नवापूर. बायको गेल्यावर लोणखेड्याच्या एका कॉलनीतल्या दोन खोल्यांत एकटेच राहत. अंगात पांढरा शर्ट, खाली खाकी पँट. "खाकी सुटत नई, बाई," म्हणत, "मन्हा पायसलेच सवय शे."

हा ग्रुप काढावासा का वाटला, ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "बाई, पस्तीस वरीस मी फिरनू, पन नुसता जात ऱ्हायनू. घाटमा एक वळन शे, तठे सकायले धुकं असं भराई जास, जसं कोनी दूध वती दिधं. मनमा वाटे, आठे घडीभर बठानं. पन गाडी भरेल ऱ्हाये. कोनले बजार, कोनले कोर्ट, कोनले दवाखाना. मी ब्रेक कसा मारू? अशा कितल्या जागा ऱ्हाई गयात. आते एक एक जागावर जास नि बठस. एकला बठनं बरं नई दखात, म्हनीसन तुमले बलावस."

आप्पांच्या बैठकीचं गुपित एवढंच. माणूस आयुष्यभर ज्या ज्या जागेवरून नुसता गेला होता, तिथे जाऊन बसत होता.

माझी नि त्यांची पहिली भेट मात्र फोनच्या फार आधीची. मी चोवीस वर्षांची, घाटाच्या पायथ्याच्या शाळेत नवी कोरी बाई. कडक इस्त्रीची साडी, काखेत छत्री, आणि सगळा सातपुडा आता आपणच शिकवून शहाणा करणार असा चेहरा. आज ती बाई समोर आली तर मी तिला आधी बसवून पाणी देईन आणि मग पोटभर हसेन. एके सकाळी एसटीतून शाळेत जाताना वाटेत पळस फुललेला दिसला आणि बाईंनी उभं राहून हुकूम सोडला, "ड्रायव्हर, गाडी थांबवा. मला वर्गासाठी फुलं हवी आहेत."

ड्रायव्हरने मान न वळवता सांगितलं, "आठे थांबा नई, बाई."

बाईंनी संध्याकाळी तक्रार लिहिली. दोन पानी, समास सोडून, महत्त्वाच्या वाक्यांखाली लाल रेघा ओढून. चाळीस वर्षांनी त्याच ड्रायव्हरने मला ग्रुपमध्ये घेतलं, तेव्हा पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "बाई, तुमनी तक्रारनं अक्षर भलतं सुंदर व्हतं. डेपोमा समदासनी हातमा लिसन दखं."

ग्रुपमध्ये आले तेव्हा मी निवृत्त मुख्याध्यापिका होते. निवृत्त फक्त कागदावर. गावात सगळे मला हेडबाई म्हणत आणि मी त्यांना म्हणू देत असे. काटेसावरीखाली पहिल्यांदा गेले, तर सात-आठ माणसं नुसती बसली होती. कापडदुकानाचे मदनशेठ होते, मूळचे मारवाडातले, पण बोलण्यात मराठी-हिंदीचा एकच चहा करणारे. तापीकाठच्या मथुराबेन होत्या. त्यांच्या पिशवीत कायम पपई, आणि पपई कापायला सुरी नेहमी दुसऱ्याने आणावी अशी अपेक्षा. कुणी काही बोलत नव्हतं. सावरीची जाड लाल फुलं धप धप खाली पडत होती. एक मदनशेठच्या टोपीवर पडलं. त्यांनी ते काढून शेजारी ठेवलं, जणू ते त्यांचंच होतं.

दहा मिनिटं मी सहन केलं. मग विचारलं, "आप्पा, सुरुवात कधी करायची?"

"कसानी?"

"कार्यक्रमाची."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "चालू शे ना, बाई."

आता शहाण्या माणसाने इथेच शिकायला हवं होतं. पण हेडबाईंना शिकवायची सवय, शिकायची नाही. पुढच्या वर्षभरात मी त्या बिचाऱ्या ग्रुपला काय काय केलं म्हणून सांगू! आप्पांच्या निरोपाखाली मी शुद्ध मराठीत निमंत्रण टाकत असे, 'सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे'. हजेरीची वही आणली. एकदा तर न आलेल्यांची नावं ग्रुपवर कारणासहित मागवली. मदनशेठने कारण लिहिलं, 'झोप लागली होती'. मी त्यांना उत्तर पाठवलं, 'पुढील वेळी काळजी घ्यावी'. साठी ओलांडलेल्या माणसाला! माझी नात अजून ते वाचून दाखवते आणि मी पदर तोंडावर घेते.

आप्पा मात्र काही म्हणत नसत. वही पुढे केली की सही करत. आणि त्यांच्या जागा एकेक करून होत होत्या. धुक्यातलं केळीचं रान, जिथे सकाळी पानांवरून पाणी गळत राहतं आणि पाऊस नसून पावसात बसल्यासारखं वाटतं. तापीचा पूल, संध्याकाळी बगळे एका रांगेत खालून जातात तेव्हा. पुलावरून पाहिलं की त्यांच्या पाठी दिसतात, जमिनीवरच्या माणसाला कधी न दिसणाऱ्या. त्या बैठकांमध्ये वेळ कुठे जाई कळत नसे. घरी परतताना जागेपणी स्वप्न पाहून आल्यासारखं अंग हलकं झालेलं असे. हे मला तेव्हाही जाणवत होतं. फक्त वहीत कुठल्या रकान्यात लिहावं ते कळत नव्हतं.

मग आली मिरचीची बैठक.

नंदुरबारच्या बाहेर हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या लागतात. उघड्या रानात एकरच्या एकर लाल मिरची वाळत पसरलेली. आप्पांनी आठवडाभर आधीच निरोप पाठवला. असं ते कधी करत नसत. "शुक्रवारले, सांजले पाचले, पथारीवर. मालकसंगे बोलनू शे. शनिवारले सकायले तो माल उचलस, या सालना आखरी. दिवस बुडता बुडता तठे जे लाल व्हस ना मंडळी, जमीन कोनती नि आभाय कोनतं समजत नई. पस्तीस वरीस मी ते खिडकीमाईन आर्धा मिनिट दखं. यंदा पुरं दखनं शे. काम काहीच नई."

आणि हेडबाईंच्या डोक्यात वीज चमकली. आपण आप्पांचा सत्कार करायचा! वर्षभरात सात-आठांची ऐंशी-नव्वद माणसं केली बिचाऱ्याने, त्याचं कौतुक नको का? आप्पांना आधी सांगितलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. मी खुर्च्या सांगितल्या, छोटा मंच सांगितला, शाल-श्रीफळ आणलं, फ्लेक्स छापून घेतला. शिक्षण खात्यातल्या माझ्या एका जुन्या साहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं.

साहेब सव्वा तास उशिरा आले. ते येईपर्यंत आप्पांना मी मंचावरच्या मधल्या खुर्चीत बसवून ठेवलं. सत्कारमूर्ती जागेवरून हलत नसतो, एवढी शिस्त मला होती. प्रेक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून मंचावरचा फ्लेक्स मी पश्चिमेला लावला होता. म्हणजे आप्पांच्या पाठीमागे. म्हणजे सूर्य, पथाऱ्या, ते सगळं लाल, आप्पांच्या पाठीमागे.

साहेबांचं भाषण सुरू झालं आणि त्यांना मिरचीचा ठसका लागला. एक वाक्य, तीन शिंका. लोक हसू दाबत होते. मग हळूहळू लोक हसायचे थांबले. मी सूत्रसंचालन करत होते, माझं लक्ष चिठ्ठ्यांवर. मथुराबेनचं तोंड उघडंच राहिलेलं मला दिसलं. सगळ्यांचे चेहरे तांब्याच्या भांड्यांसारखे उजळले होते आणि सगळे फ्लेक्सच्या दोन्ही बाजूंनी पलीकडे पाहत होते. आप्पा खुर्चीत मागे वळायला लागले.

"आप्पा, समोर बघा," मी माइकवर म्हटलं, "फोटो काढतायत."

आप्पा समोर बघू लागले. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. त्यांना त्यांच्या ऐंशी-नव्वद माणसांचे लाल चेहरे दिसत होते आणि मग ते चेहरेही करडे होत गेले.

परतताना मदनशेठच्या जीपमध्ये मी मागे बसले होते, कार्यक्रम यशस्वी झाल्याच्या नशेत. आप्पा पुढून म्हणाले, "मदनशेठ, कितला लाल व्हता?"

"बहोत लाल होता, आप्पा. काय सांगू."

"नई, सांगा ना. मिरची जास्ती लाल व्हती का आभाय?"

मदनशेठ विचारात पडले. "आप्पा, असं नाही सांगता येणार. मिरची कुठं संपते तेच कळत नव्हतं."

मी उत्साहाने म्हटलं, "अहो, फोटो आहेत ना! सगळे पाठवते." आणि पाठवले. फोटोत आप्पांच्या मागे फ्लेक्स आहे. फ्लेक्सवर मीच निवडलेलं चित्र आहे. कुठल्याशा समुद्रावरचा सूर्यास्त.

त्यानंतर आप्पांचा निरोप आला नाही. पंधरा दिवस, महिना. मी ग्रुपवर 'पुढील बैठक कधी?' असं दोनदा विचारलं. शेवटी मदनशेठ एके दुपारी दुकानातून उठून माझ्याकडे आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "हेडबाई, आप्पांना काचबिंदू आहे. बाजूचं गेलं सगळं. मधलं थोडंसं राहिलंय, तेही जाणार म्हणून सुरतच्या डॉक्टरने सांगितलंय. कोणाला सांगू नका म्हणाले होते. ते लाल बघायचं त्यांनी किती दिवसांपासून धरून ठेवलं होतं. पुढच्या मिरचीपर्यंत काय राहतं, देवाला माहीत."

मी त्या दुपारी काय केलं ते लिहीत नाही. एवढंच की हजेरीची वही बंबात घातली. संध्याकाळी लोणखेड्याला गेले. आप्पा ओट्यावर बसले होते. मी माफीचं वाक्य घरून तयार करून नेलं होतं. पहिले दोन शब्द बोलले आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले.

आप्पांनी रस्त्याकडे तोंड केलं. मग म्हणाले, "बाई, माफीनं मी काय करू? तुमले बोलता येस. मन्हं दखनं बंद व्हयनं म्हंजे तुम्ही सांगत जा. समोर काय शे, ते. माले बठनं सोडनं नई."

पुढची मिरची येईपर्यंत खरंच काही राहिलं नाही. बैठका मात्र पुन्हा सुरू झाल्या. जागा आप्पा ठरवत, निरोप आप्पा बोलत, आणि मी त्यांच्या उजव्या हाताला बसून सांगत असे. पहिल्या दिवशी मी सुरू केलं, "आप्पा, क्षितिजावर रंगांची उधळण झाली आहे."

"कोन करी ऱ्हायनं उधळन?"

"म्हणजे… निसर्ग."

"हाई ते निबंध शे, बाई. रंग कोनता, ते सांगा."

मी पाहिलं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. "खाली पिवळट आहे. हळद सांडून कुणीतरी ओल्या फडक्याने पुसल्यासारखं. वर एक ढग आहे, गुळाच्या ढेपेसारखा. एका बाजूने ओला."

"हां," आप्पा म्हणाले, "आते दखायनं."

सहासष्ट वर्षांच्या मुख्याध्यापिकेची अशी शाळा भरली. रोज चुका होत, रोज ओरडा बसे. 'सुंदर' म्हटलं की आप्पा हात हलवून ते बाजूला सारत. पुढे मी तयार झाले, आणि तयार माणसाला चढतो तसा मला माज चढला. जिथे काहीच घडत नसे तिथे मी घडवू लागले. एका बैठकीत समोर नुसतं कोरडं रान होतं. आप्पा आशेने कान देऊन बसलेले. मी म्हटलं, "आप्पा, मोर आलाय."

"कोठे?"

"त्या वळणापाशी. पिसारा ओढत चाललाय, नव्या नवरीच्या शालूसारखा. थांबला. मान वळवली."

मदनशेठने माझ्याकडे बघत डोळे मोठे केले. मथुराबेन पपईत तोंड खुपसून हसत होत्या.

आप्पा म्हणाले, "बाई, त्या वळनले हातपंप शे."

"…हो, त्याच्यामागून आला."

"बरं. मंग पुढे काय करी ऱ्हायना तो?"

आणि मी सांगत राहिले. मोर हातपंपावर चढला, पाणी प्यायला, उडाला. आप्पा डोळे मिटून मान डोलवत होते. अंधारून येईपर्यंत आम्ही सगळे त्या नसलेल्या मोराकडे बघत बसलो. खरं सांगते, शेवटी शेवटी तो मलाही दिसत होता.

दोन वर्षं असं चाललं. मग आप्पांना एकट्याने राहणं जमेना. खापरला त्यांची मुलगी इंदू असते. ती येऊन त्यांना घेऊन गेली. निघताना ते जीपमध्ये पुढे बसले आणि आमच्यापैकी प्रत्येकाचा हात हातात घेतला. त्यांच्याशिवाय आम्ही एकदा जमलो होतो. मी समोरचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. सगळ्यांना दिसतच होतं.

आप्पा पुढच्या पावसाळ्यात गेले. पण त्याआधीच्या उन्हाळ्यात, एके सकाळी, माझ्या फोनवर बारा सेकंद वाजले. "राम राम मंडळी. आज सांजले पाचले, खापरना बजारना पटांगनमा, चिंचखाल. कालदिन बजार व्हता, आज कोनी नई. ज्याले येनं त्यानी या. काम काहीच नई." म्हणजे म्हाताऱ्याने तिकडेही ग्रुप काढला होता! आणि तिकडचा निरोप मला पाठवलाय तो मुद्दाम की चुकून, ते मी विचारलं नाही. दुपारची एसटी पकडली.

पोचायला उशीर झाला. बाजार उठून गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचं ते पटांगण झोपलेल्या माणसासारखं पसरलं होतं. कांद्याची सालं वाऱ्याने इकडून तिकडे जात होती. एक गाय कोबीचं पान सावकाश खात होती. चिंचेच्या पारावर आणि खाली दहा-बारा अनोळखी माणसं, आणि मध्ये आप्पा. बरेच वाळले होते. खाकी पँट तीच. इंदूने मला पाहिलं आणि तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. चपला काढल्या आणि पाराच्या मागच्या कडेला, आप्पांच्या पाठीशी, चोरासारखी जाऊन बसले. मला फक्त थोडं बघायचं होतं. न बोलता.

आप्पा त्या लोकांना सांगत होते, "शहादाले एक हेडबाई शे. भलती बोलस. एक डाव तिन्ही मन्हा सत्कार करा. समदा लाल तमाशा मन्हा पाठमांगे, नि मी नारय लिसन लोकेसना तोंडं दखी ऱ्हायनू."

लोक हसले. कुणीतरी विचारलं, "मंग आप्पा, राग नई उना?"

"उना ना! आजबी शे जरासा. ते लाल काही मन्हा नशीबमा परत उनं नई." वाऱ्याने एक रिकामी गोणी फरफटत नेली, तिचा आवाज विरेपर्यंत आप्पा थांबले. "पन मंग तिन्ही माले दोन वरीस इतलं दखाडं, इतलं दखाडं… मन्हा डोया धड व्हतात तवय बी मी इतलं दखं नव्हतं. आर्धं खोटं ऱ्हाये. ते ते आखो भारी ऱ्हाये." आणि मग, मान जराही न वळवता, त्याच सुरात, "बरोबर शे ना, बाई?"

पारावरचे सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. मी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि विचारलं, "आप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

"पस्तीस वरीस गाडी चालाडी, बाई," आप्पा म्हणाले. "मांगे कोन चढनं नि कोठे बठनं, ते ड्रायव्हरले मान न फिरावता समजस."

आणि त्यांनी हाताने चाचपून आपल्या उजव्या बाजूची चिंचेची पानं झाडली, आणि थोडं सरकून मला जागा करून दिली.